नॉर्मनचे दोष

कोर्टानं अर्ज परत पाठवला, कारण नॉर्मनचे दोष कमी पडले.

वकिलांनी पत्रात ही गोष्ट जरा आडवळणानं लिहिली होती. न्यायाधीशसाहेबांनी तपशील वाचला; प्रतिवादीचं वागणं अर्जदार बाईंना असह्य व्हावं इतकं वाईट आहे, असं त्यांना वाटलं नाही; तरी नवा तपशील द्यावा. पाचेक प्रसंग हवेत. त्यात पहिला प्रसंग, सर्वांत वाईट प्रसंग आणि अगदी अलीकडचा प्रसंग, असे तीन तरी ठळक हवेत. खाली पेनानं एक जादा ओळ होती : 'या वेळी हात आखडता घेऊ नका.'

पहिल्या वेळी ॲव्हरिलनं हात आखडता घेतला होता हे खरं. अर्ज कोर्टात जाण्याआधी मसुदा नवऱ्याला वाचायला द्यायचा असतो. वाचून त्याला वाईट वाटू नये अशा बेतानं तिनं एकेक कलम लिहिलं होतं. नॉर्मन जेवताना गुणगुणतो. हिवाळ्यात खिडकी उघडी टाकतो. सप्टेंबरात भाज्यांच्या प्रदर्शनाआधी पंधरा दिवस तो बागेतल्या पत्र्याच्या खोपटात झोपतो, कारण कुणी जळकुकडा येऊन त्याचे लीक कापून जाईल अशी त्याला भीती वाटते. आमच्या एल्सबर्न गावात खाण चालू होती तेव्हाही आणि बंद पडल्यावरही पुरुषाची किंमत त्याच्या वाफ्यातल्या लीकच्या जाडीवर ठरायची. कांद्याच्या पातीचा हा थोरला भाऊ मनगटाएवढा झाला की माणूस क्लबात ताठ मानेनं शिरतो. न्यायाधीश या भागातला असणार, त्यानं हे कलम वाचून मान डोलावली असेल, असं नॉर्मनची बहीण बेरिल म्हणाली.

चौथं कलम मात्र भरतीचं नव्हतं. 'कोणतीही गोष्ट विचारली की प्रतिवादी "जशी तुझी मर्जी" एवढंच म्हणतो.' न्यायाधीशांनी नेमकं त्याच ओळीशेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि मसुदा टाईप करता करता वकिलांच्या टायपिस्टबाई ॲव्हरिलला म्हणाल्या होत्या, "असा नवरा मिळाला तर मी बदलून घ्यायला तयार आहे हो."

दोन वर्षं वेगळं राहिलं तर कुणाचाच दोष काढावा लागत नाही, हे ॲव्हरिलला ठाऊक होतं. पण ती त्रेपन्न वर्षांची होती. टाइनमाउथला एका लोकरीच्या दुकानावर तिनं दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, खिडकीतून समुद्र दिसायचा. अर्धवट सुटून तिला तिथं जायचं नव्हतं. जायचं तर पुरतं मोकळं होऊन, आणि मागे कुणाचं वाईट न चिंतता, एवढीच तिची इच्छा होती. या दोन गोष्टी एका अर्जात बसत नाहीत हे तिला आता कळत होतं.

म्हणून रविवारी सगळ्यांनी जेवायला जमायचं आणि नॉर्मनचे दोष नव्यानं शोधायचे असं ठरलं. लेकीनं लिहायचे, बहिणीनं सुचवायचे, आईनं ऐकायचे, आणि खुद्द नॉर्मननं नेहमीप्रमाणे टेबलाच्या टोकाशी बसून मांस कापायचं. बेत ॲव्हरिलचा. नॉर्मनला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "जशी तुझी मर्जी."

*

"पहिला प्रसंग," लेक जुडिथ म्हणाली. तिनं ताटाशेजारी वही उघडून ठेवली होती. न्यूकॅसलहून येणारी बस रविवारी रखडते, त्यामुळे ती आली तेव्हा ग्रेव्ही टेबलावर होती आणि मांसाबरोबर खायचं यॉर्कशायर पुडिंग फुगून पुन्हा खाली बसायला लागलं होतं.

"आधी खाऊन घ्या ना," ॲव्हरिल म्हणाली. "पुडिंग गार झालं की चामडं होतं."

"खाता खाता होईल गं," बेरिल म्हणाली. "मी येताना मनात जुळवूनच आले आहे. लिही, जुडिथ. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात हा क्लबातून पिऊन आला आणि जिन्यात झोपला."

नॉर्मननं सुरी थांबवली, विचार केला आणि पुन्हा कापायला लागला. "लिही," तो म्हणाला.

"बाबा, तू तर पीतच नाहीस."

"एखादा ग्लास घेतो की."

"एका ग्लासावर जिन्यात झोपलास?"

"जिना अरुंद होता," नॉर्मन म्हणाला, आणि सगळे हसले. ॲव्हरिलही हसली. या माणसाबरोबर हसता यायचं ही गोष्ट ती अलीकडे विसरून गेली होती.

"पुढचं," बेरिल म्हणाली. तिला चेव आला होता. "बायकोच्या मैत्रिणी घरी आल्या की तो तोंड फिरवून बसतो. बायकोनं नवा कोट घेतला तर तो दुकानात परत करायला लावतो. स्वयंपाकाला नावं ठेवतो. एकदा तर मटण नीट शिजलं नाही म्हणून बशी भिंतीवर फेकली, लिही. हा झाला सर्वांत वाईट प्रसंग. भिंतीवरचा डाग रंग दिला तरी वर येतो."

जुडिथचं पेन थांबलं. ती नोकरी करायची त्या बचत संस्थेत कर्ज मागायला आलेल्यांच्या कहाण्या ऐकून तिचे कान तयार झाले होते. माणूस कल्पनेतलं सांगायला लागला की भिंतीवरच्या डागापर्यंत जात नाही, हे तिला माहीत होतं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "हे बाबांचं नाही. लेसकाकांचं आहे."

बेरिलनं काटा खाली ठेवला. तिचा नवरा लेस त्या वेळी क्लबात होता. सगळ्यांना हसवणारा माणूस म्हणून तो गावात प्रसिद्ध होता. बेरिलनं रुमालानं ओठ टिपले आणि मग खालीच बघत म्हणाली, "असू दे. कुठं तरी लिहिलं गेलं असतं तेवढंच."

नॉर्मन बहिणीकडे बघत राहिला. आपण दोन गल्ल्या सोडून राहतो आणि आपल्याला हे माहीत नव्हतं, याची त्याला लाज वाटली. त्यानं तिच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा वाढला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"लिही ते," तो मग लेकीला म्हणाला. "बशी मी फेकली म्हणून लिही. माझी हरकत नाही."

*

हिल्डा आजीचं जेवण केव्हाच थांबलं होतं. ऐंशीला टेकलेली ही बाई मागच्या खोलीत राहायची, आणि तिच्या पायाची नखं गेली सहा वर्षं सूनच कापत होती. ॲव्हरिल गेल्यावर आपल्या पायांचं काय, हा प्रश्न तिच्या मनात येऊन गेला होता. तिला त्याबद्दल स्वतःचाच राग आला होता आणि तिनं तो कुणाला विचारला नव्हता. पण आताचा तिचा राग वेगळा होता.

"कागदावर बशी चढवू नका," ती म्हणाली.

"आई, कुणी वाचणार नाहीये," बेरिल म्हणाली. "न्यायाधीश वाचतो आणि फायलीत टाकतो."

"कथबर्टच्या वेळीही असंच म्हणाले होते."

जुडिथनं पेन ठेवलं. कथबर्ट म्हणजे आजीच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याचं नाव घरात निघालं की मोठी माणसं एकमेकांकडे बघायची, एवढंच तिला माहीत होतं. "ते बाहेरख्याली होते म्हणतात ना?" तिनं विचारलं.

"बाहेरख्याली!" हिल्डा म्हणाली. "त्या काळी व्यभिचाराशिवाय सोडचिठ्ठीच मिळायची नाही. त्याच्या बायकोचं, लेटीचं, मन त्या कापडवाल्यावर बसलं होतं. कथबर्ट म्हणाला, हिचं नाव कशाला खराब करायचं, मी घेतो माझ्यावर. समुद्राकाठी व्हिटली बे गावात हॉटेलात खोली घेतली, एक भाड्याची बाई ठरवली. बिचारी विधवा होती, अशा खटल्यांपुरतं हॉटेलात येऊन बसायचं हाच तिचा धंदा. रात्रभर दोघं डॉमिनो खेळले. सकाळी चहा घेऊन येणाऱ्या पोरीनं बघावं आणि कोर्टात साक्ष द्यावी म्हणून पलंगाच्या कडेला जाऊन बसले. त्यानं कोटही काढला नव्हता. मला त्यानं स्वतः सांगितलंय."

"मग मिळाली ना सोडचिठ्ठी?" जुडिथनं विचारलं.

"मिळाली. आणि चॅपलच्या गायकवृंदातून त्याला काढलं. आवाज काय होता त्याचा! रस्त्यात तो दिसला की बायका आपल्या पोरींना ओढून पलीकडे न्यायच्या. त्याचंही मला फार वाटत नाही, गाव म्हणजे गाव. पण तो गेला तेव्हा लेटी आली होती मातीला. चहा पिताना मला काय म्हणाली सांगू? 'माणूस चांगला होता हिल्डा, पण बाईच्या बाबतीत कच्चा.' जिच्यासाठी केलं तीच म्हणाली! चेष्टेनं नाही. तिचं तसं मत झालं होतं."

ती सुनेकडे वळली. "तू आज बशी लिहिशील, ॲव्हरिल. आज तुला माहीत आहे की ते खोटं आहे. अजून दहा वर्षांनी तुला ती भिंतीवर फुटताना ऐकू येईल."

"मी नाही लिहिणार, आई," ॲव्हरिल म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो सासूवर चढला नव्हता. "पण तुम्ही त्याच्याकडे बघा ना! बघा कसा बसलाय! बशी फेकली, लिही. दारू प्यायलो, लिही. उद्या मी म्हटलं यानं माणूस मारला, तर म्हणेल, लिही. यालाच मी कंटाळले आहे. हेच मी लिहिलं होतं, आणि त्या माणसानं त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं!"

"मग मी काय करू?" नॉर्मननं विचारलं.

"भांड माझ्याशी! म्हण की मी बशी फेकली नाही!"

"नाहीच फेकली."

"मग तसं म्हण ना!"

"म्हटलं की आत्ता."

ॲव्हरिलनं रिकामी ताटं गोळा केली आणि ती स्वयंपाकघरात गेली. ताटं सिंकमध्ये जरा जोरातच ठेवली गेली. एक तडा गेल्याचा आवाज आला, आणि बेरिलच्या तोंडून नकळत निघून गेलं, "अलीकडचा प्रसंग."

या वेळी कुणी हसलं नाही.

*

स्वयंपाकघरात ॲव्हरिल कस्टर्ड ढवळत उभी राहिली. त्याच्यावर राग धरणं तिला कधी जमलं नव्हतं, कारण राग धरावा असं काही तो हाती लागूच द्यायचा नाही. बैठकीच्या खोलीच्या भिंतींना कागद कुठला लावायचा, मुलीचं नाव काय ठेवायचं, इथपासून प्रत्येक गोष्ट तिच्यावर आली होती. सासऱ्यांची छाती खाणीच्या धुळीनं भरली तेव्हा त्यांना दवाखान्यात ठेवायचं की घरी आणायचं, हेही तिनंच ठरवलं. घरी आणलं, आणि ते तिच्या देखत गुदमरून गेले. नॉर्मननं तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पण 'आपण आणलं' असंही तो कधी म्हणाला नाही. ते तिचं तिच्याकडेच राहिलं.

तरी तिला वाटायचं, बिचारा साधा आहे. त्याला मतच नसेल. ज्याला मत नाही त्याच्याकडून ते मागायचं तरी कसं? तो वाईट नाही, फक्त त्याच्याबरोबर फार एकटं वाटतं, असंच ती स्वतःला समजावत आली होती. टाइनमाउथच्या खोल्या बघून परतताना बसमध्ये तिला त्याची दयाच आली होती. याचे मोजे कोण जोडीनं लावणार, असं तिच्या मनात आलं होतं.

जुडिथ मागून आली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"आई, आपण दोन वर्षं थांबूया का? तू जाऊन राहा तिकडे. कागद मागाहून होईल."

"थांबले आहे गं मी. थांबण्यातच गेलं सगळं."

"कॉलेजचं म्हणतेस?"

ॲव्हरिलनं भांडं विस्तवावरून उतरवलं. कॉलेजचा विषय घरात निघत नसे. जुडिथ शाळेत जायला लागली त्या वर्षी ॲव्हरिलला डरहॅमच्या शिक्षिकांच्या कॉलेजात जागा मिळाली होती. आठवडाभर तिथं राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. पोरीला सांभाळायला हिल्डा तयार होती. पत्र घड्याळामागं ठेवलेलं होतं, आणि ॲव्हरिल आज विचारते, उद्या विचारते करत शेवटी नॉर्मनला विचारायला गेली होती.

"ते झालं गेलं," ती म्हणाली. "मीच गेले नाही. तुझ्या बाबांनी कुठं अडवलं होतं?"

ती तेवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढत होती. दाराच्या काचेतून वर्ग दिसायचा. फळ्यावर बाईंनी चुकीचं लिहिलं तर तिला वाढता वाढता कळायचं.

*

दार अर्धवट उघडं होतं आणि नॉर्मनच्या कानावर हे सगळं पडलं.

नॉर्मन फारसा बोलत नसे म्हणून त्याच्या डोक्यात काही चालत नाही, असा लोकांचा समज होता, आणि तो त्यानं कधी दूर केला नव्हता. त्यात सोय होती. खाणीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला छत कुठं कुरकुरतं ते कळतं, आणि आपण हललो नाही तर ते तसंच राहतं हेही कळतं. घरातही तो तसाच राहिला.

आता बहीण समोर बसून टेबलक्लॉथची कड दुमडत होती. आई त्याच्याकडे बघत होती. आईची नजर त्याला लहानपणापासून टाळता आली नव्हती.

"कथबर्टसारखा होऊ नकोस," हिल्डा म्हणाली. "खोटं पदरात घेणं सोपं असतं. तुला वाटतं त्यात मोठेपणा आहे. तुझा खरा दोष काय, तो सांग ना तिला. तीस वर्षांत एक तरी असेलच."

"आहे," नॉर्मन म्हणाला.

"मग?"

"ती निघून जाईल."

"अरे गाढवा," आजी म्हणाली, "ती निघालीच आहे."

गोडाला रुबार्बचा क्रंबल आणि कस्टर्ड घेऊन मायलेकी आत आल्या. वाट्या फिरल्या. जुडिथनं वही पुन्हा ओढली. गुणगुणणं, खिडकी, खोपटात झोपणं आणि कोट परत करायला लावणं, एवढं उरलं होतं. बशीवर तिनं काट मारली होती, कोटावर मारू की नको अशा विचारात होती.

"सर्वांत वाईट प्रसंगाची जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "तो नसेल तर वकील घेणारच नाहीत."

"कोट काढ," नॉर्मन म्हणाला. "कोट माझा नाही."

सगळ्यांनी वर बघितलं.

"आणि ते जुनं चौथं कलम होतं ना. जशी तुझी मर्जी. ते परत घाल. ते बरोबर होतं. फक्त अर्धंच लिहिलं होतं, म्हणून त्याला कळलं नाही." त्यानं चमचा वाटीच्या कडेला नीट लावून ठेवला. "पुढचं लिही. सन एकाहत्तर. उन्हाळा."

ॲव्हरिलच्या हातात कस्टर्डचा जग होता. तो तिनं खाली ठेवला नाही.

"ती कॉलेजचं विचारायला बागेत आली होती," नॉर्मन म्हणाला. तो लेकीला सांगत होता, पण बायकोकडे बघत होता. "निळा फ्रॉक होता. मी लीकला माती लावत होतो. ती म्हणाली, नॉर्मन, जाऊ का? मी म्हणालो, जशी तुझी मर्जी."

"माहीत आहे मला," ॲव्हरिल म्हणाली. "त्यात काय मोठं? तू तेच म्हणतोस."

"तेच नाही. त्या दिवशी मी आधी विचार केला होता. पत्र घड्याळामागं होतं, मी ते कधीच वाचलं होतं. तू कधी विचारायला येतेस याची मी वाट बघत होतो." त्याला बोलायला कष्ट पडत होते, पण तो थांबत नव्हता. "जा म्हटलं असतं तर तू आनंदानं गेली असतीस. नको म्हटलं असतं तर भांडून, हट्टानं गेली असतीस. तुझा बापही तसाच होता. पण सगळं तुझ्यावर सोडलं, की तू जागची हलणार नाहीस, हे मला माहीत होतं. पोरीचं मनात येईल, आईचं येईल, माझ्या डब्याचं येईल. म्हणून मी तसं म्हणालो. आणि खाली बघून माती लावत राहिलो, तुझं तोंड दिसू नये म्हणून."



"का?" ॲव्हरिलनं विचारलं.

"तू तिथं शिकलेल्या माणसांत बसली असतीस. चार शब्द बोलणारी माणसं. शनिवारी घरी आल्यावर तुला मी दिसलो असतो. एखाद्या शनिवारी तू आली नसतीस. त्याला मी भ्यायलो होतो."

"आणि नंतर? भिंतीच्या कागदाचा रंग, मुलीची शाळा, तुझे वडील?"

"एकदा जमलं की सवय लागते," नॉर्मन म्हणाला. "काही बोललंच नाही तर काही जात नाही, असं वाटायचं. अण्णांना घरी आणायचं, हे माझ्याही मनात होतं. मी बोललो नाही. तुझ्यावर राहू दिलं. तेही लिही, जुडिथ."

हिल्डानं डोळे मिटून घेतले. त्या उन्हाळ्यात पोरीला मी सांभाळते असं तिनं सुनेला दोनदा सांगितलं होतं. सूनच का कचरली हे तिला कधी उमगलं नव्हतं. इतकी वर्षं ती मनातल्या मनात ॲव्हरिलला भित्री म्हणत आली होती, आणि आता त्याचं तिला फार वाईट वाटलं. तिनं हात पुढे करून सुनेच्या मनगटावर ठेवला.

"मी तुला साधा समजत होते," ॲव्हरिल नवऱ्याला म्हणाली. "लोकांना सांगायचे, त्याच्या मनात कपट नाही."

"ठाऊक आहे."

"बशी फेकली असतीस तर बरं झालं असतं."

"हो," नॉर्मन म्हणाला.

बेरिल रडत होती. ती कुणासाठी रडते आहे हे तिलाही सांगता आलं नसतं. जुडिथच्या समोर कागद होता आणि त्यावर 'सर्वांत वाईट प्रसंग' एवढंच लिहिलेलं होतं. आपल्याला लहानपणापासून जो बाप माहीत होता तो खरा की हा खरा, हे तिला आत्ता ठरवता येत नव्हतं. हे कलम न्यायाधीशाला पुरेल, एवढं मात्र तिला कळत होतं.

"आई," ती म्हणाली, "लिहू का?"

ॲव्हरिलला त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी बागेत खाली वाकून माती लावणारा, भ्यालेला तो तिशीतला माणूस तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. त्यानं तेव्हा तोंड वर केलं असतं तर? मला भीती वाटते एवढं जरी म्हणाला असता, तर ती गेली असती आणि दर शनिवारी परत आली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते आता कुणाच्याच कामाचं नव्हतं.

तिनं जुन्या सवयीनं नवऱ्याकडे बघितलं.

"काय करू, नॉर्मन?"

त्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला पाठ होतं. बेरिलनं तर मान खालीच घातली. नॉर्मन उठून उभा राहिला. उभं राहण्याचं काही कारण नव्हतं, पण बसून ते त्याला सांगता आलं नसतं.

"लिहायला सांग तिला," तो म्हणाला. "आणि तू जा, ॲव्हरिल."

कस्टर्डचा जग तिनं टेबलावर ठेवला. हा एक शब्द ऐकायला ती त्या बागेत उभी राहिली होती, आणि एका परीनं तेव्हापासून उभीच होती. आज तो मिळाला, आणि तो मिळाल्याबरोबर, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, तिला जावंसं वाटेना.

ती खुर्चीत बसली. नॉर्मनची वाटी तिनं पुढे ओढली, सवयीनं तिच्यात कस्टर्ड ओतलं आणि ती त्याच्यापुढे सरकवली.

"लिही," तिनं लेकीला सांगितलं.